डिस्प्लेवर ३५० दिसतंय, तरी सोल्डर धरत नाही: बिघाड नेमका कुठे शोधायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. हॉट एअर आणि सोल्डरिंग आयर्न एकत्र असलेलं टू-इन-वन स्टेशन नवीन घेतलंय. आयर्न ३५० दाखवतं, पण बोर्डावरच्या जाड ट्रॅकवर सोल्डर धरत नाही आणि टीप काळी पडली आहे. हॉट एअर ४०० वर ठेवून काही मिनिटं फिरवली तरी आयसी हलला नाही, उलट शेजारचा प्लास्टिकचा कनेक्टर वितळला. शिवाय आयर्नच्या डिस्प्लेवर मधूनच 'एस-ई' येतं आणि वायर हलवली की जातं. हीटर बदलायचा की स्टेशनच परत करायचं, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत आधीच सांगतो. या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यातली एकच बहुधा स्टेशनची आहे, ती म्हणजे 'एस-ई'. उरलेल्या दोन तक्रारी उष्णता कामापर्यंत न पोचण्याच्या आहेत आणि हीटर बदलून त्या जाणार नाहीत. यात किती तरी गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत: तुमची सोल्डर वायर लेडची (शिसं असलेली) आहे की लेड-फ्री, बोर्ड दोन थरांचा आहे की जास्त, आयर्नचा हीटर कोणत्या जातीचा आहे. म्हणून मी 'हे बदला, ते बदला' असं सांगत नाही. कोणती शक्यता कशी बाद करायची तेवढं सांगतो.

सगळ्यात आधी त्या ३५० बद्दल. हा आकडा टिपेच्या टोकाचा नाही, सांध्याचा तर अजिबात नाही. टिपेच्या आत दडलेल्या सेन्सरला जे जाणवतं तेवढंच डिस्प्ले दाखवतो. हॉट एअरमध्येही सेन्सर नळीच्या आत, हीटरच्या तोंडाशी असतो. तिथून हवा नोझलबाहेर पडते, आजूबाजूच्या थंड हवेत मिसळते आणि मग बोर्डाला लागते. सेन्सरपासून सांध्यापर्यंतच्या वाटेवर कुठेही अडथळा असला तरी डिस्प्ले बिचारा ३५० च दाखवत राहतो. शिकाऊ माणूस त्या आकड्यावर विश्वास ठेवून तापमान वाढवत नेतो, आणि तिथूनच टीप जळणं, पॅड (बोर्डावरचा सोल्डर लावायचा तांब्याचा तुकडा) उखडणं, प्लास्टिक वितळणं सुरू होतं.

तपासायला घेण्याआधी प्लग काढा. नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही. स्वस्तात बनवलेल्या काही स्टेशनांत स्विच एकाच तारेवर असतो, आणि ती तार न्यूट्रलची असली तर 'बंद' स्थितीतही आतल्या हीटरपर्यंत फेज पोचलेला असतो. प्लग काढल्यावर मल्टिमीटरची एक प्रोब प्लगच्या अर्थ पिनवर आणि दुसरी आयर्नच्या टिपेवर, चकचकीत भागावर टेकवा. रीडिंग २ ओहमच्या आत यायला हवं. मग दुसरी प्रोब हॉट एअरच्या धातूच्या नळीवर टेकवा. तिथे ओपन (म्हणजे जोडच नाही असं) दिसलं तर बाकी काही तपासू नका, स्टेशन परत करा. त्या नळीच्या आत उघड्या हीटरच्या तारेत थेट मेन्सचा व्होल्टेज असतो. तार तुटून नळीला लागली, तर अर्थिंगशिवाय तुम्हाला वाचवणारं तिथे काहीच नाही. आयर्नचं अर्थिंग नसेल तर धोका तुमच्यापेक्षा बोर्डावरच्या मॉसफेट आणि आयसींना जास्त असतो. म्हणून दोन पिनांचा अडॅप्टर लावून हे स्टेशन कधीही वापरू नका.

आता काळ्या टिपेकडे वळू. टिपेचा गाभा तांब्याचा असतो आणि त्यावर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. तांबं सोल्डरमध्ये विरघळतं, म्हणून तो मुलामा. लोखंड तापलं की हवेतल्या ऑक्सिजनने गंजतं. हा ऑक्साइडचा काळा थर उष्णता अडवतो आणि सोल्डरलाही चिकटू देत नाही. खूण सोपी आहे: तापलेल्या टिपेला सोल्डर वायर लावली की सोल्डर पसरत नाही, त्याची गोळी होते आणि घरंगळून खाली पडते. अशी टीप ३५० अंशांवर असली तरी बोर्डाला नीट उष्णता देत नाही.

टीप वाचवायची पद्धत अशी. आयर्न ३०० च्या आसपास ठेवा. टीप पितळी तारेच्या घोळात दोन-तीनदा खुपसून काढा, लगेच फ्लक्समध्ये (ऑक्साइड काढून सोल्डर धरायला मदत करणाऱ्या रसायनात) बुडवा आणि त्याच क्षणी रोझिन-कोर (पोटात राळेचं फ्लक्स असलेली) सोल्डर वायर लावा. एखाददुसरा चकचकीत ठिपका दिसला की आशा आहे. तोच प्रकार पुन्हा पुन्हा करत तो ठिपका वाढवत न्यायचा, टोकावर सगळीकडे सोल्डरची कल्हई बसेपर्यंत. कानस किंवा पॉलिश पेपर लावू नका. लोखंडाचा मुलामा गेला की खालचं तांबं सोल्डरमध्ये विरघळतं आणि टिपेला खड्डा पडतो. नळजोडणीसाठी मिळणारं झिंक क्लोराइडचं फ्लक्स तर टिपेलाही लावू नका आणि बोर्डालाही. रोझिनचाच वापर करा, आणि त्याचा धूर अंगावर येऊ देऊ नका. नियमित श्वासात गेला तर त्यातून दमा जडू शकतो.

पुढे एक सवय लावून घ्या. आयर्न बंद करण्याआधी टीप पुसायची नाही, उलट तिच्यावर सोल्डरचा जाड थेंब सोडायचा. पुसायचं ते सांधा लावायच्या आधी. हातातलं काम थांबलं की आयर्न बंद करा किंवा २०० वर आणा. ४०० च्या वर तासन्‌तास रिकामी तापत ठेवलेली टीप कोणत्याही कंपनीची असली तरी टिकत नाही. जाता जाता, 'खरी टीप चुंबकाला चिकटत नाही' ही परीक्षा चुकीची आहे. चांगल्या टिपेवरही लोखंडाचा मुलामा असतोच, त्यामुळे तीही थोडीफार चिकटते.

टिपेला कल्हई बसली की डिस्प्ले किती खरा बोलतो ते तपासता येतं, वेगळं थर्मामीटर नसतानाही. बहुतेक स्टेशनांत आयर्नचं किमान सेटिंग २०० असतं, आणि तो आकडा आपल्या सोयीचा आहे. ६३/३७ लेड सोल्डर १८३ अंशांना वितळतं, तर एसएसी ३०५ हे लेड-फ्री सोल्डर २१७ ते २२० च्या दरम्यान. आयर्न २०० वर ठेवून दोन मिनिटं स्थिरावू द्या, मग टिपेला दोन्ही वायर लावून बघा. लेडची वायर वितळली आणि लेड-फ्रीची नाही, तर स्टेशन ठीक बोलतंय. लेडचीही वितळली नाही, तर टीप दाखवतेय त्यापेक्षा थंड आहे. दोन्ही वितळल्या, तर टीप जास्त गरम आहे. ३५० ला फरक थोडा वेगळा असू शकतो, पण मोठी गडबड असेल तर ती इथेच दिसते.

टीप थंड निघाली तर लगेच कॅलिब्रेशनच्या (डिस्प्लेचा आकडा जुळवायच्या) स्क्रूला हात लावू नका. आयर्न पूर्ण थंड झाल्यावर टिपेवरचं नट काढा आणि टीप हीटरवर कशी बसते ते बघा. या स्टेशनांत टीप म्हणजे हीटरवर चढवलेली पोकळ टोपी असते. ती सैल असली, तिच्या आत काजळी जमली असली किंवा हीटर आत शेवटपर्यंत पोचतच नसला, तर मधली हवा उष्णता अडवते. सेन्सर हीटरच्या पोटात असल्याने त्याला मात्र सगळं छान तापलेलं वाटतं. वेगवेगळ्या ठिकाणाहून घेतलेल्या टिपांच्या आतल्या व्यासात आणि खोलीत फरक असतो, त्यामुळे एका टिपेवर बरोबर असलेलं स्टेशन दुसऱ्या टिपेवर तीसेक अंश चुकू शकतं. नट हातानेच घट्ट करा. पक्कड लावून आवळलं तर आतला सिरॅमिक हीटर तडकतो.

इतकं करूनही जाड ट्रॅकवर सोल्डर धरत नसेल, तर बहुधा तुम्ही स्टेशनसोबत आलेली सुईसारखी टोकदार टीप वापरताय. नवीन माणसाला ती बारीक कामाची वाटते, पण तिचं टोक पॅडला जेमतेम एका बिंदूत टेकतं आणि तेवढ्यातून उष्णता वाहत नाही. ग्राउंडचा रुंद तांब्याचा पट्टा ती उष्णता येईल तशी शोषून घेतो. छिन्नीसारखी दोन-तीन मिलिमीटर रुंदीची टीप लावा, सपाट बाजू पॅडवर टेकवा, मध्ये ताज्या सोल्डरचा छोटा थेंब ठेवा. त्या थेंबामुळे टीप आणि पॅड यांच्यात संपर्काची जागा वाढते. लेड सोल्डरला ३२० ते ३५० पुरतं, लेड-फ्रीला ३५० ते ३८०. याच्या वर जावंसं वाटलं तर टीप बदला, आकडा नको. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या बोर्डांवर उखडलेले पॅड दिसतात ते बहुतेक बारीक टीप, चढवलेलं तापमान आणि वरून दिलेला दाब या तिन्हीच्या एकत्र परिणामाने.

हॉट एअरचं गणितही हेच, फक्त इथे वाट जास्त लांब आहे. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की तुम्ही हवा खूप कमी ठेवून तापमान ४०० केलं असावं. नवीन माणसाला वाटतं, हवा कमी असली की शेजारचे भाग उडणार नाहीत. खरं आहे, पण कमी हवा म्हणजे कमी उष्णता. नळीतली थोडीशी हवा ४०० ला पोचली की सेन्सर समाधानी होतो आणि हीटर मागे हटतो, आयसीच्या पायापर्यंत मात्र फार थोडं पोचतं. शिवाय कमी हवेत आणि चढ्या तापमानात नळीच्या आतला हीटर लवकर मरतो.

हवा मध्यम ठेवा, सेटिंग ३५० च्या आसपास ठेवा आणि नोझल आयसीच्या वर एक-दोन सेंटिमीटरवर धरा. एका जागी न थांबता पायांच्या रांगांवरून गोल फिरवत राहा. आधी पायांवर फ्लक्स भरपूर लावा. बोर्ड लेड-फ्री असेल तर सगळ्या पायांवर आयर्नने थोडं लेड सोल्डर चढवून घ्या. मिश्रण आधीपेक्षा कमी तापमानाला वितळतं आणि सगळं काम सोपं होतं. सुरुवातीचा अर्धा-एक मिनिट नोझल जरा लांब धरून आजूबाजूचा भागही कोमट करा. अचानक एकाच ठिकाणी उष्णता लागली की छोटे सिरॅमिक कपॅसिटर आतून तडकतात. बाहेरून ते अगदी धड दिसतात, आणि पुढे शॉर्ट शोधताना तुमचा दिवस जातो.

सोल्डर वितळलं की नाही हे घड्याळ सांगत नाही. चिमट्याने आयसीला बाजूने हलकंच ढकला. सोल्डर खरंच वितळलेलं असेल तर आयसी किंचित सरकतो आणि सोडल्यावर आपणच पुन्हा जागेवर येतो, कारण वितळलेल्या सोल्डरचा पृष्ठताण त्याला ओढून घेतो. ही हालचाल दिसली की सरळ वर उचला. दिसली नाही तर थांबा. चिमटा खाली घालून उचकटलं की आयसीसोबत पॅडही येतो.

कनेक्टरचं म्हणाल तर बरंचसं प्लास्टिक लेड-फ्री सोल्डर वितळण्याच्या आधीच मऊ पडतं. त्यामुळे ते वाचवायचं काम तापमान कमी करून होत नाही, झाकूनच करावं लागतं. कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी टेप) आणि त्यावर अॅल्युमिनियम फॉइल, दोन्ही लावा. नुसती टेप वारा अडवते, उष्णता फारशी नाही. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरलाही असंच झाका. अनेक थरांचा, आत मोठा ग्राउंड असलेला बोर्ड असेल तर वरून कितीही फुंकलं तरी उष्णता पसरून जाते. अशा बोर्डाला खालून १०० ते १५० अंशांचा प्रीहीटर लागतो. तो नसेल तर त्या बोर्डावर शिकू नका, एखाद्या जुन्या एकेरी-दुहेरी बोर्डावर हात बसवा.

ज्यांच्या स्टेशनचा हवेचा पंप बेसमध्ये असतो आणि हवा रबरी पाइपातून हँडलमध्ये येते, त्यांनी खालच्या बाजूला प्रवासासाठी लावलेला स्क्रू काढलाय का ते बघावं. तो राहिला तर पंप घरघरतो आणि हवा धड येत नाही. पंखा हँडलमध्येच असलेल्या स्टेशनांत हा प्रश्न नसतो.

आता 'एस-ई'. ही खूण बहुतेक स्टेशनांत सेन्सरचं सर्किट तुटल्याची असते. तुमच्या मॅन्युअलमध्ये एकदा खात्री करून घ्या. वायर हलवल्यावर ती येते-जाते हे तुम्ही लिहिलंत ते फार उपयोगाचं आहे. सेन्सरच जळाला असता तर वायर हलवून तो परत जिवंत झाला नसता. म्हणजे संशय तीन जागांवर: हँडलमध्ये केबल शिरते ती जागा (तिथे रोज वळून तारेचे धागे तुटतात), स्टेशनच्या बाजूचा गोल कनेक्टर, आणि हँडलच्या आत जिथे हीटरच्या तारा केबलला जोडलेल्या असतात ती छोटी पट्टी.

मोजायची रीत अशी. आयर्नचा कनेक्टर स्टेशनमधून काढा. त्यात बहुधा पाच पिना असतील: दोन हीटरच्या, दोन सेन्सरच्या, एक अर्थिंगची. कोणती पिन कशाची हे स्टेशनागणिक बदलतं, म्हणून पाठ केलेल्या आकृतीवर विसंबू नका. पाच पिनांच्या दहा जोड्या होतात, सगळ्या मोजून कागदावर लिहा. अर्थिंगची पिन लगेच कळते, कारण ती टिपेला जोडलेली असते. बाकीच्यांत दोन प्रकारची चित्रं दिसतात. ए १३२१ जातीच्या सिरॅमिक हीटरमध्ये थंड असताना हीटर २.५ ते ३.५ ओहम आणि सेन्सर ४३ ते ५८ ओहम दाखवतो. दुसऱ्या, निक्रोम तारेच्या हीटरमध्ये हीटर साधारण ११ ते १५ ओहमच्या आसपास असतो (२४ व्होल्ट आणि ५० वॉट धरले तर २४ चा वर्ग भागिले ५० म्हणजे ११.५), आणि सेन्सर थर्मोकपल (तापल्यावर स्वतःच बारीकसा व्होल्टेज देणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) असल्यामुळे जेमतेम काही ओहम.

सेन्सरच्या जोडीवर प्रोब धरून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला केबल इंचाइंचाने वाकवायला सांगा, हँडलच्या टोकापासून कनेक्टरपर्यंत. ज्या जागी आकडा उडेल तिथेच तार तुटलेली आहे. हँडलच्या तोंडाशी उडाला तर तिथून दोन-तीन इंच केबल कापून पुन्हा जोडता येते. कनेक्टरशी उडाला तर आतले सांधे नव्याने सोल्डर करा.

सेन्सर जिवंत आहे का हे बघायला तुमच्याकडे गरम हवा आहेच. कनेक्टर काढलेल्या अवस्थेत आयर्नच्या टिपेवर कमी तापमानाची हॉट एअर सोडा. पहिल्या जातीच्या सेन्सरचा रेझिस्टन्स हळूहळू वाढत जाईल. थर्मोकपल असेल तर मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवा. के टाइप थर्मोकपल अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतं, म्हणजे खोलीपेक्षा शंभर अंश वर गेल्यावर साधारण ४ मिलिव्होल्ट दिसायला हवेत. आकडा चढताना दिसला की सेन्सर ठीक आहे, हीटर विकत घेऊ नका.

हीटर बदलायचीच वेळ आली तर मोजलेली जात बघूनच घ्या. या दोन जाती एकमेकींच्या जागी चालत नाहीत. थर्मोकपलच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर आयर्न तापेल तसा डिस्प्लेचा आकडा खाली जातो, स्टेशनला वाटतं अजून थंडच आहे आणि ते हीटर लाल होईपर्यंत तापवत राहतं. म्हणून नवीन हीटरनंतर पहिल्यांदा चालू करताना एक हात स्विचवरच असू द्या.

हॉट एअरच्या बाजूला तुम्हाला सध्या बिघाड दिसत नाही, तरी दोन गोष्टी बघून ठेवा. हँडल स्टँडवर ठेवलं की हीटर बंद व्हायला हवा आणि हवा साधारण १०० अंशांखाली येईपर्यंत पंखा चालू राहायला हवा. हे काम स्टँडमधलं चुंबक आणि हँडलमधला रीड स्विच (चुंबक जवळ आल्यावर चालणारा स्विच) करतात. पंखा चालू असताना प्लग उपटू नका. दुसरी गोष्ट: स्टँडवर ठेवूनही नळीच्या आत लाल प्रकाश दिसला, किंवा पंखा बंद असताना नळी तापत असली, तर त्याच क्षणी प्लग काढा. हीटरला वीज देणारा ट्रायॅक शॉर्ट झाला की असं होतं, मग डिस्प्लेवर काहीही सेट करा, हीटर ऐकत नाही. असं स्टेशन दुरुस्त होईपर्यंत पुन्हा लावू नका. पहिल्या वापरात नळीतून थोडा धूर आणि वास येतो तो मात्र हीटरच्या अभ्रकातल्या आणि तेलातल्या अंशांचा असतो, खिडकी उघडी ठेवून काही मिनिटं चालवलं की जातो.

स्टेशन नवीन आहे, तेव्हा ते खोलण्याआधी वॉरंटीचा विचार करा. वर सांगितलेली अर्थिंगची, दोन वायरींची आणि कनेक्टरच्या पिनांची मापं स्टेशन न उघडता घेता येतात. अर्थिंग ओपन निघालं तर स्टेशन परत. फक्त केबलची तार तुटलेली निघाली तर आयर्नचं हँडल बदलून मागा, सगळं स्टेशन नको. दहा जोड्यांची रीडिंग आणि केबल कुठे वाकवल्यावर आकडा उडतो तेवढं लिहून कळवा, म्हणजे कोणत्या जातीचं हँडल मागवायचं ते नक्की सांगता येईल.